‘येते’ म्हणून जाणारी भाची

धक्का बसायला भूकंपच व्हावा लागतो असा ज्यांचा समज असेल, त्यांनी माझ्या नणंदेच्या मुलीला एकदा आठ दिवस आपल्या घरी ठेवून घ्यावं. मी जपानात पीएचडी करायला आले, इथेच नोकरीला लागले आणि इथेच माझे केस पांढरे झाले. जमिनीच्या धक्क्यांची आता इतकी सवय झाली आहे, की डोक्यावरचा दिवा हलायला लागला तरी मी चहाचा कप हातात धरून "थांबेल आत्ता" म्हणत बसून राहते, आणि तो थांबतोही. पण भाची राहायला आली तेव्हापासून दिवसातून निदान एकदा तरी भिंत धरून उभं राहायची पाळी माझ्यावर येऊ लागली. त्यासाठी जमीन हलायची गरज नसे. ती नुसती "मामी, एक गंमत सांगू?" म्हणाली तरी पुरे.

भाची नाशिकची. बारावीनंतर टोकियोतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून ती इंजिनिअरिंगला आली. येण्याआधी नणंदेचा फोन आला होता. "वहिनी, वसतिगृहाचं काही जमेपर्यंत राहील ती तुमच्याकडे. फार शांत आहे हो पोरगी. घरात आहे हे कळणारसुद्धा नाही तुम्हाला." आईने आपल्या मुलीबद्दल थोडं वाढवून सांगावं, त्याला माझी ना नाही. पण विमानतळावर ही बाहेर आली, लांबून आम्हाला पाहिलं, आणि तिने "मामीऽऽऽ" म्हणून अशी हाळी दिली की सामान हुंगत फिरणारा तिथला कुत्रा जागच्या जागी खाली बसला. त्याला धरून उभा असलेला अधिकारी कुत्र्याकडे बघत राहिला, कुत्रा भाचीकडे बघत राहिला, आणि मी आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने एका खांबाकडे बघत राहिले.

आम्ही राहतो टोकियोला लागून असलेल्या इचिकावाला, चौथ्या मजल्यावर. इथल्या भिंती पातळ आणि माणसं मवाळ, त्यामुळे घरात टाचा न आपटता चालणं, भांडं ठेवताना खाली हात धरणं, शिंक आली तर उशीत शिंकणं हे सगळं मी वर्षानुवर्षांच्या तपश्चर्येने शिकले होते. ती तपश्चर्या भाचीने एका आठवड्यात धुळीला मिळवली. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, कमरेत वाकल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "तुमच्या मुलीला किती उत्साह आहे हो! ऐकून आम्हालासुद्धा उत्साह येतो." जपानी माणसाने असं म्हटलं की त्याचा अर्थ ‘हिला आवरा’ एवढाच असतो. माझे कान लाल झाले. मी त्यांच्याहून खाली वाकले आणि किती तरी वेळा माफी मागितली. दुसऱ्या दिवशी माझ्या संशोधन संस्थेतून घरी येते तो काय, बाईसाहेब शंकरपाळ्यांचा रिकामा डबा घेऊन खालून जिना चढत होत्या. "अगं मामी, त्या आजींना माझं वाचणं आवडतं ना, म्हणून शंकरपाळे देऊन आले. आणि सांगितलंय, की संध्याकाळी मी याहून मोठ्यांदा वाचते." मी तिथेच पायरीवर बसले.

मोठ्यांदा वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरतच नाही. गणिताची सूत्रं ती आरतीच्या चालीवर म्हणते आणि शेवटी टाळी वाजवते. चित्रलिपीतली अक्षरं पाठ करताना प्रत्येक अक्षराला नाशिकच्या एकेका नातेवाइकाचं नाव देते. ‘पाऊस’ या अक्षरात तिला खिडकीत बसलेला बंडूकाका दिसतो, आणि म्हणून हवामानाच्या बातम्या बघताना ती "आज दिवसभर बंडूकाका आहेत" असं जाहीर करते. आजींच्या बोलण्याचा खरा अर्थ मी समजावून सांगितला तेव्हा तिला वाईट वाटलं, पण ते एक कप चहा संपेपर्यंत. मग तिने त्यावर उपाय काढला. एका संध्याकाळी माझा नवरा कचेरीतून आला, टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला आणि गेला तसाच परत आला. म्हणाला, "आत कोणी तरी गणित सोडवतंय." मी जाऊन बघते तर कोरड्या टबात पाठीशी उशी, पाय नळावर, टबाच्या झाकणावर लॅपटॉप आणि तोंडाने आरती चाललेली. "इथून आवाज बाहेर जात नाही, मामी. आणि आत इतका छान घुमतो की दुसऱ्यांदा वाचायला लागत नाही!" त्या दिवसापासून आमच्या घरात अंघोळीला परवानगी काढावी लागू लागली.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे तिचं ‘येते’. आपल्याकडे निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. म्हटलंच तर घरातलं मोठं माणूस "येते म्हण" म्हणून दटावतं. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण नणंदेने ते लेकीच्या अंगात इतकं मुरवून ठेवलं होतं की जपानीतसुद्धा ती त्याचं सरळ भाषांतर करायची. ‘येते’ म्हणजे ‘किमास’. कुठूनही निघताना वळायचं, हात हलवायचा आणि खणखणीत "किमास!" म्हणायचं. दातांच्या डॉक्टरने दात भरून दिला, हिने दारातून "किमास!" म्हटलं, तर तो बिचारा घाबरून बाहेर आला. "कधी येता? अजून दुखतंय का?" बसमधून उतरताना तिने ड्रायव्हरला "किमास!" म्हटलं. तो सभ्य माणूस दार उघडं ठेवून वाट बघत राहिला आणि ही आपली चालत घराकडे निघाली. मागची माणसं घड्याळं बघू लागली. मी लाजेने अर्धमेली झाले.

मी तिला बसवून शिकवलं. "हे बघ, परक्या ठिकाणाहून निघताना ‘शित्सुरेई शिमास’ म्हणायचं. म्हणजे, आगाऊपणाची माफी असावी. कोणाच्या घरी पाहुणी गेलीस तर निघताना ‘ओजामाशिमाशिता’, म्हणजे तुम्हाला अडथळा केला. आणि फक्त आपल्या स्वतःच्या घरातून बाहेर पडताना ‘इत्तेकिमास’, म्हणजे जाऊन येते."

"पण जाऊन कशाला म्हणायचं?" ती म्हणाली. "जायचं नावच काढायचं नसतं ना! नुसतं येते म्हटलं की झालं. सगळ्यांना एकच."

जायचं नाव म्हणताच मला एक सकाळ आठवली. आमचा मुलगा इथेच जन्मला आणि इथेच वाढला. नागोयाला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागून तो गेला, त्या सकाळी मी दारात उभी होते. बूट चढवता चढवता तो "ज्या, इकु वा" म्हणाला. म्हणजे, बरं, जातो. "येतो म्हण रे" म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर लिफ्टचं दार मिटलं होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं, जपानीत तसंच म्हणतात. फोन केला की तो "हं, दाइजोबु" म्हणतो, सगळं ठीक आहे. ठीक असतंच. पण भाचीचं ते बसच्या ड्रायव्हरला केलेलं ‘येते’ ऐकलं की लाज वाटता वाटता मला मधेच दुसरंच काही तरी वाटायचं.

अभ्यासात मात्र पोरगी तल्लख. पहिल्या चाचणीचे निकाल लागले आणि तिने नाशिकला फोन लावला. "आई, मला एस मिळाला!"  पलीकडून नणंद हळूहळू म्हणाली, "ए, बी, सी, डी... एस? अगं, इतकी खालची अक्षरंसुद्धा देतात तिथे?" मागून तिच्या बाबांचा आवाज आला, "एस म्हणजे सुमार असेल." नणंदेने रडायला सुरुवात केल्यावर मी फोन हातात घेतला आणि समजावलं, की इथे एस हा एच्या वर असतो, सगळ्यांत वर. नणंदेचा विश्वास बसेना. "एच्या वर असतं काही? मग एला ए कशाला म्हणायचं, वहिनी?" इतकी वर्षं इथल्या विद्यापीठांत काढून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी भाची घरी आली आणि तिने हाक मारली नाही. चपला सरळ लावून ठेवल्या आणि गुपचूप येऊन ओट्याशी उभी राहिली. मला वाटलं, पासपोर्ट हरवला. तर तसलं काही नव्हतं. वर्गातल्या एका मुलीबरोबर ती विद्यापीठाजवळचं मुलींचं जुनं वसतिगृह बघून आली होती. वसतिगृह कसलं, भगिनीमंडळच ते. कारभार सगळा मुलींचा, नव्या कोणाला घ्यायचं हेही त्याच ठरवणार. दारात म्हणे एक लांब फळी असते आणि तिच्यावर प्रत्येकीच्या नावाची लाकडी पाटी. मुलगी घरात असली की पाटीवर नाव काळ्या अक्षरांत, आणि बाहेर जाताना ती उलटायची, की लाल अक्षरांत. पाटी उलटली की "इत्तेकिमास!" म्हणायचं आणि घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्यांनी "इत्तेराश्शाई!" म्हणायचं. जाऊन ये.

"ओरडून, मामी!" तिचे डोळे चमकत होते. "स्वयंपाकघरातून, जिन्यातून, कपडे वाळत घालता घालता, सगळ्या ओरडतात! आणि कोणी तक्रार करत नाही. आणि नव्या मुलीला एक थोरली बहीण नेमून देतात."

हे नाशिकला कळलं तेव्हा नणंदेने विचारलं, "बहीण नेमून देतात? सरकारी आहे का?"

मला हसू आलं, पण भाचीला आलं नाही. ती एकुलती एक. "मला लहानपणी बहीण हवी होती," ती मला म्हणाली. "शाळेत जायला लागले तेव्हा आईकडे मागितली होती. आई म्हणाली, बघू."

"मग?"

"अजून बघतेच आहे." एवढं म्हणून ती टबात जाऊन बसली. त्या दिवशी आरती ऐकू आली नाही.

तिथे प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. इच्छुक मुलींनी सहामाहीभर दर गुरुवारी संध्याकाळी जायचं, सगळ्यांबरोबर स्वयंपाक करायचा, झाडलोट करायची, एकत्र जेवायचं. शेवटी थोरल्या मुली बसून ठरवणार, आणि ठरवताना परीक्षेचे गुणही बघणार, कारण अभ्यासात मागे पडणारी मुलगी त्या घराला चालत नसे. आता गंमत अशी, की भाचीला प्रयोगशाळेचा अहवाल द्यायचा असे दर शुक्रवारी सकाळी. आणि शिष्यवृत्तीची अट अशी, की गुण ठरावीक पातळीच्या खाली गेले तर ती बंद. बंद म्हणजे नाशिक. म्हणजे अभ्यास सोडला तर जपान जाणार, आणि गुरुवार सोडले तर बहिणी जाणार.

तिने दोन्ही धरायचं ठरवलं. मग जे सुरू झालं ते असं. मुळा किसता किसता ती उष्णतेचे नियम म्हणायची, त्यामुळे वसतिगृहातल्या साहित्याच्या मुलींनाही ते पाठ झाले. गाजराचे काप सारखे यावेत म्हणून तिने प्रयोगशाळेतलं व्हर्नियर कॅलिपर नेलं आणि मोजून काप केले. जेवायला उशीर झाला, पण इतकी सरळ गाजरं आपण पाहिली नव्हती असं म्हणे सगळ्यांनी कबूल केलं. अहवाल ती परतीच्या गाडीत उभ्याने लिहायची. एका अहवालावर सोया सॉसचा मोठा डाग पडला, तर प्राध्यापकांनी त्या डागाभोवती बारीक गोल काढून बाजूला नम्रपणे विचारलं होतं, ‘हा निष्कर्षाचा भाग आहे का?’

आणि जे व्हायचं ते झालं. सहामाहीच्या मध्यावर गणितात तिला सी मिळाला. हा सी खराच सी होता. शिष्यवृत्तीच्या कचेरीतून बोलावणं आलं. ती हसत परत आली. "मामी, किती चांगली माणसं आहेत गं! म्हणाले, तब्येतीला सांभाळा आणि यापुढे जरा काळजी घ्यावी अशी विनंती आहे. चहा पण दिला."  मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, की बाई, चहा देऊन केलेली ती विनंती ही शेवटची ताकीद आहे. पुढच्या वेळी चहा मिळणार नाही, तिकीट मिळेल. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि ते बघणं मला जड गेलं.

नवरा सहसा कशात पडत नाही. तो म्हणाला, "आधी गणित. बहिणी नंतर."

"मामा, तुम्हाला चार बहिणी आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला नंतर म्हणायला काय जातंय?" पण दुसऱ्याच दिवशी ती स्वतः वसतिगृहात गेली आणि परीक्षा होईपर्यंत गुरुवारी येता येणार नाही असं तिथल्या प्रमुख मुलीला सांगून आली. ही प्रमुख म्हणजे चौथ्या वर्षाची, वास्तुकला शिकणारी, बुटकीशी आणि फार शिस्तीची. ती म्हणाली, "समजलं. मग या वेळचा आपला विचार इथेच थांबवू." भाचीने हे मला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. "मग काय, मी वाकून नमस्कार केला, येते म्हटलं आणि आले."

त्यानंतर आमचं घर जपानी झालं. दार वाजेना, टब घुमेना. ती टेबलाशी बसून मनात वाचायची. मनात! जेवताना मीठ मागायची तेही खालच्या आवाजात. मी इतकी वर्षं ज्या शांततेसाठी धडपडले ती अशी आयती घरात येऊन बसली, तर मला ती सोसवेना. बाहेर झाडांवर किडे कर्कश ओरडत असायचे आणि आत ही गप्प. एका दुपारी दाराची घंटी वाजली. खालच्या आजी होत्या, हातात काकडीच्या लोणच्याची बरणी. त्या हसल्या नाहीत, फार वाकल्याही नाहीत. "ती मुलगी बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. "आवाज येत नाही." मी त्या वाक्याचा दुसरा अर्थ शोधायला लागले आणि मग लक्षात आलं की त्याला दुसरा अर्थ नाही.

गुरुवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. इथली पालक म्हणून भाचीने माझा नंबर वसतिगृहात देऊन ठेवला होता. ती स्वतः तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसली होती. फोनवर ती प्रमुख मुलगी. अतिशय शुद्ध, अतिशय नम्र जपानीत तिने विचारलं, "आपल्या भाचीची तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे," मी म्हणाले. "का बरं?"

"त्या अजून पोचल्या नाहीत. आम्ही जेवायच्या थांबलो आहोत."

मी भिंत धरली. "पण तुम्ही तर तिला नाही म्हटलं होतं ना?"

"होय," ती म्हणाली. "मी विचार थांबवू म्हटलं. त्यावर त्यांनी वाकून नमस्कार केला, दारापाशी वळल्या आणि ‘किमास’ म्हणाल्या. स्पष्ट आणि मोठ्यांदा म्हणाल्या. नकार ऐकल्यावर इथे असं कधी कोणी म्हटलेलं नाही. आम्ही त्यावर बरीच चर्चा केली. येते म्हणाल्या म्हणजे येणार, असं ठरलं. म्हणून त्यांचं पान वाढलं आहे."

जपानी माणसाला मराठी निरोप समजावून सांगणं हे मी आजवर केलेल्या कोणत्याही संशोधनाहून अवघड होतं. मी फोन कानाशी धरून उगाच समोरच्या भिंतीला वाकून वाकून बोलत होते. म्हटलं, गैरसमज झाला, त्याबद्दल फार माफी मागते. आमच्याकडे निघताना जाते असं म्हणत नाहीत. जाणाऱ्या माणसाने परत यावं अशी इच्छा असते, म्हणून तो जातानाच येते म्हणतो. तो काही वेळ ठरवून देत नसतो. तिने तुम्हाला आशेला लावलं असं कृपा करून समजू नका.

 पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग ती मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या इत्तेकिमाससारखं."

"हो, जवळजवळ."

"इत्तेकिमास आम्ही फक्त स्वतःच्या घरातून निघताना म्हणतो." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे येते कोणाला म्हणतात?"

उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. सगळ्यांना म्हणतात हो. दातांच्या डॉक्टरला म्हणतात, बसच्या ड्रायव्हरला म्हणतात, एकदा तर तिने लिफ्टला म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. चुकीची माहिती दुरुस्त करणं हा माझा धंदाच आहे, आणि ते खरं उत्तर दिलं असतं तर भाची माझ्याकडेच राहिली असती, हेही त्याच क्षणी मला लख्ख दिसलं. टबात आरती म्हणत, अंघोळीला अडवत, जिन्यात शंकरपाळे वाटत ती आमच्याकडेच राहिली असती. ती मला घरात हवी होती. मी ते स्वतःशीसुद्धा तोवर कधी बोलले नव्हते.

"घरच्यांना," मी म्हणाले.

"असं," ती मुलगी हळूच म्हणाली. "मग त्यांना सांगा, परीक्षा झाल्यावर यावं. गणितात मदत हवी असेल तर आमच्यातल्या दोघी गणिताच्याच आहेत."

भाची घरी आल्यावर मी तिला सांगितलं. तिने अशी आरोळी ठोकली की खालून आजींच्या खिडकीचं दार सरकल्याचा आवाज आला. नंतर ती टबात गेली आणि परीक्षा होईपर्यंत आम्ही शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहात अंघोळीला जात होतो. गणिताच्या त्या दोघी शनिवारी आमच्या घरी येऊन तिला शिकवू लागल्या. टबात तिघी मावत नाहीत म्हणून एक झाकणावर बसायची. निकाल लागला तेव्हा गणितात ए होता, आणि बाकी बहुतेक सगळीकडे एस. नाशिकला नणंदेने पेढे वाटले आणि शेजाऱ्यांना एस म्हणजे काय हे समजावता समजावता तिचा घसा बसला.

हवेत जरा गारवा आला तेव्हा आम्ही तिला सामानासकट वसतिगृहात सोडायला गेलो. दारात ती फळी होती. सगळ्या पाट्यांवर चित्रलिपीतली नावं, आणि एका टोकाला परदेशी नावांसाठी असतात त्या सरळसोट अक्षरांत लिहिलेलं तिचं नाव, लाल बाजूने. मला वाटलं, नवीन पाटी आहे, उलटी लागली असेल. मी सवयीने ते सांगायला गेले. प्रमुख मुलगी म्हणाली, "नाही, ती त्या गुरुवारीच लावली. घरची माणसं बाहेर गेलेली असली की लालच असते." मग भाचीने पुढे होऊन पाटी उलटली, नाव काळं झालं, आणि आतून सगळीकडून मुली "ओकाएरी!" म्हणून ओरडल्या. आलीस का घरी! नवरा चष्मा पुसायला लागला. मी रडले नाही, कारण मी वाकून तिच्या सामानात मोजे शोधत होते, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. थालीपीठ खाल्लं, मामाशी भांडली, सवयीने टबात जाऊन बसून आली आणि म्हणाली की आता तिथे काही पाठ होत नाही, वसतिगृहाचा जिनाच बरा. दुपारी निघताना ती बूट घालायला खाली बसली आणि मी तिच्या मागे उभी राहिले.  आता तिला सगळे शब्द नीट येत होते, जपानी तर माझ्याहून चांगलं बोलू लागली होती. घरच्या माणसाने निघताना म्हणायचा शब्द वेगळा आणि पाहुण्याने म्हणायचा वेगळा, हे मीच तिला शिकवलं होतं. ती जर सहज पाहुण्यांचं ‘ओजामाशिमाशिता’ म्हणाली असती, तर त्यात तिची काही चूक नव्हती.

ती उठली, पिशवी खांद्याला लावली, दार उघडलं आणि मोकळ्या गॅलरीत जाऊन वळली.

"येते गं मामी!"

ती हे सगळ्यांना म्हणते. त्या दुपारीसुद्धा ती वाटेत बसच्या ड्रायव्हरला म्हणाली असेल, स्टेशनवरच्या माणसाला म्हणाली असेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण फोनवर त्या मुलीला मी जे सांगितलं, तेच खरं असं मी आता धरून चालले आहे. मी दाराबाहेर अनवाणी आले आणि "जाऊन ये!" म्हणून ओरडले, इतक्या मोठ्यांदा की माझा मलाच धक्का बसला. खालच्या मजल्यावरून आजींनीही "इत्तेराश्शाई" म्हटलं. लिफ्टचं दार मिटलं तरी मी बराच वेळ तशीच उभी होते, मग आत आले आणि टब कोरडा करून ठेवला.